शहाडला उतरल्यावर पोटाची सोय



खडवलीकडच्या एका वाचक भगिनीने पत्र लिहून विचारले आहे, "तुम्ही करप्यावर लिहिता, खतावर लिहिता, पण आम्ही पहाटेच्या गाडीने भाजी घेऊन शहाडला जातो आणि दुपारपर्यंत तिथेच असतो. तुमचेही तिकडे वरचेवर जाणे असते. तर माणसाने तिकडे खावे कुठे आणि काय, तेही एकदा लिहा की!" पत्र वाचून आधी हसू आले. मग वाटले, बाई विचारते आहे ते बरोबरच आहे. पिकाला पाणी केव्हा द्यावे हे आम्ही मंडळी चार-चार सभांत सांगतो. पीक डोक्यावर घेऊन बाजाराला जाणाऱ्या माणसाने केव्हा आणि काय खावे, हे कोणी सांगत नाही. म्हणून या खेपेला पिकाचे राहू द्या, पोटाचे बोलू.

आपल्या भागातून शहाडला माल दोन वाटांनी येतो. एक रेल्वेची. कसारा, आसनगाव, वासिंद, खडवली, टिटवाळा या बाजूने येणाऱ्या लोकलने पालेभाजीची ओझी येतात. कल्याणच्या अलीकडचे स्टेशन म्हणजे शहाड. ती वाट बहुतेक बायांची. दुसरी वाट रस्त्याची. नगर, आळेफाटा, माळशेज घाट, टोकावडे, मुरबाड, गोवेली असे करत टेम्पो येतात, रायत्याचा उल्हास नदीवरचा पूल ओलांडतात आणि कांबा, वरप, म्हारळ ही गावे मागे टाकून शहाडच्या उड्डाणपुलावरून कल्याणात शिरतात. ती वाट बहुतेक पुरुषांची. टेम्पोतला माल कल्याणच्या बाजार समितीत जातो. डोक्यावरचा माल शहाड आणि उल्हासनगरच्या रस्त्यांवर फुटकळ विकला जातो. या दोघांच्या खाण्याच्या वेळा वेगळ्या आणि सवयीही वेगळ्या आहेत.

टेम्पोवाल्याचे काम रात्रीच संपते. माल उतरला, तोलाई झाली, पट्टी हातात पडली की तो मोकळा. ओझेवालीचे काम उजाडल्यावर सुरू होते. ती घरून निघते तेव्हा चूल पेटलेली नसते. पेटलेली असली तर चहापुरती. मग स्टेशनबाहेर एक चहा, दहाच्या सुमाराला आणखी एक, त्याच्यासोबत फार तर बिस्किटाचा पुडा. जुड्या संपेपर्यंत जागा सोडता येत नाही. एक वाजला, दोन वाजले, मग परतीची गाडी, आणि घरी पोचल्यावर चार घास. आठ-नऊ तास हे शरीर दोन चहांवर चालते. पुढे चक्कर येते, पाय दुखतात, दवाखान्यात रक्त कमी निघते आणि मग आम्ही म्हणतो, बाईने पालेभाजी खावी. अहो, तिच्या पुढ्यात पाटीभर पालेभाजीच असते! म्हणून मी पुढे ज्या जागा सांगणार आहे, त्या सांगताना ही बाई माझ्या डोळ्यांसमोर आहे. टेम्पोवाल्या दादांनी राग मानू नये, त्यांच्यासाठीही शेवटी थोडे आहे.

आधी वड्याचे बोलू, कारण नाही म्हटले तरी तुम्ही वडा खाणारच. शहाड स्टेशनाबाहेर पावलापावलाला गाडी आहे. गाडी निवडताना पाटी वाचू नका, कढईत पाहा. तेल पिवळे-सोनेरी असेल आणि घाणा तुमच्यासमोर उतरत असेल तर खुशाल खा. तेल काळे पडले असेल, कढई धुरकट वासाची आणि कडेला चिकट फेस धरलेली असेल, तर पुढची गाडी बघा. तळून तळून खराब झालेल्या तेलाला देशाच्या अन्नसुरक्षा कायद्याने १ जुलै २०१८ पासून मर्यादा घातली आहे. तेलातले बिघडलेले घटक २५ टक्क्यांच्या वर गेले की ते पुन्हा वापरायचे नाही. ते प्रमाण मोजायचे यंत्र तुमच्या-आमच्या खिशात नसते, डोळा आणि नाक मात्र असते.

कल्याणला जाणे झाले आणि वेळ असला तर खिडकी वडा खाऊन पाहावा. घराच्या खिडकीतून वडे विकायला सुरुवात झाली, म्हणून हे नाव. आता त्याचे सगळ्या कल्याणात नाव आहे आणि वडा खरोखरच चांगला असतो. पण वडा हा वडाच. बटाटा, बेसन आणि तेल. त्याने भूक मारली जाते, दिवस निघत नाही. पहाटेपासून उपाशी असलेल्या पोटाला नुसता वडा आणि त्यावर कडक चहा दिलात तर अकरा वाजता जळजळ ठरलेली.

बाजार समितीच्या आवारात किंवा आसपास जेवायचे असेल तर माझी एक साधी रीत आहे. हमाल जिथे जेवतात तिथे मी बसतो. पोती वाहणाऱ्या माणसाला दुपारी पुन्हा ओझे उचलायचे असते. त्याला पाणचट वरण चालत नाही, शिळे खाऊन एक दिवसाची मजुरी बुडवणे तर त्याला परवडतच नाही. तो रोज तिथेच जेवत असेल तर त्या खाणावळीची परीक्षा झालेली आहे. भाकरी, एखादी उसळ, ठेचा, कांदा एवढे मिळाले की ताट झाले. वाटाणा नाहीतर मटकीची उसळ असली तर ती मागून घ्या. बटाट्याच्या रस्स्यापेक्षा ती किती तरी अधिक ताकदीची. आणि बसण्याआधी ताटाचा भाव विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. मिरचीचा भाव पाडून मागणारा व्यापारी तरी कुठे लाजतो?

शासनाच्या शिवभोजन थाळीचेही सांगून ठेवतो. २६ जानेवारी २०२० रोजी ही योजना १० रुपयांत सुरू झाली. तिच्यात ३० ग्रॅमच्या २ चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात आणि १०० ग्रॅम वरण असे माप ठरवलेले होते. करोनाच्या काळात तिने पुष्कळांना हात दिला. तुम्ही जाता त्या बाजूला केंद्र चालू असेल तर तिथे जेवायला संकोच धरू नका. कष्टाच्या माणसाला एवढे ताट पुरत नाही हे खरे, पण दोन चहा आणि बिस्किटाच्या पुड्याला तेवढाच पैसा जातो आणि पोटात काहीच राहत नाही.

आता माझ्या आवडीच्या जागेकडे येतो. शहाड स्टेशनाबाहेर पडून रिक्षा केली की थोड्याच वेळात उल्हासनगर लागते. आपण सगळे तिथे जातो, माल विकतो, कापड घेतो, पोरांना स्वस्तात विजारी घेतो आणि परत येतो. तिथे बसून जेवलेली माणसे आपल्या खेड्यांत फार थोडी सापडतील. "ते सिंधी लोकांचे खाणे, आपल्याला काय मानवणार!" असे म्हणतात. खाऊन पाहिल्याशिवायच म्हणतात.

दुसऱ्या महायुद्धात या माळावर लष्कराची मोठी छावणी होती. १९४७ साली फाळणी झाली आणि सिंधमधून कराची, हैदराबाद, शिकारपूर अशा दूर उत्तरेकडच्या शहरांतली माणसे घरदार टाकून निघाली. त्यांपैकी लाखाच्या आसपास माणसे या छावणीच्या बराकींत आणून उतरवली. १९४९ साली चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या वस्तीची पायाभरणी झाली आणि तिला उल्हास नदीवरून उल्हासनगर नाव मिळाले. आजही पत्ता सांगताना लोक 'कॅम्प नंबर तीन', 'कॅम्प नंबर पाच' असेच म्हणतात. या माणसांनी येताना जमीन आणली नाही, दुकान आणले नाही. हातात कसब होते आणि जिभेवर गावची चव होती. कोणी पापड लाटले, कोणी मिठाई करून विकली आणि त्यातून संसार पुन्हा उभे केले. धरणात गाव गेल्यावर नव्या जागी चूल मांडणे काय असते, हे आपल्यातल्या पुष्कळांना ठाऊक आहे. तेव्हा या लोकांच्या ताटाकडे परके म्हणून पाहू नका.

सकाळी गेलात तर दाल पकवान मागा. गोल मैदानाच्या आसपास, कॅम्पांच्या बाजारात, लहान दुकानांत आणि गाड्यांवर ते मिळते. पकवान म्हणजे मैद्याची जिरे किंवा ओवा घातलेली मोठी पातळ पुरी. ती फुगू नये म्हणून टोचे मारून मंद आचेवर कुरकुरीत तळतात. तिच्यासोबत हरभऱ्याची डाळ. दाणा बोटाने दाबला तर मोडेल इतका मऊ, पण दिसायला अख्खा. वर चिंचेची आंबटगोड चटणी, हिरवी चटणी आणि कच्चा कांदा. मला यात आवडते ती डाळ. हरभऱ्याच्या १०० ग्रॅम कोरड्या डाळीत सुमारे २० ग्रॅम प्रथिने असतात. पहाटेपासून उभ्या असलेल्या बाईने सात-आठ वाजता वाटीभर डाळ पोटात घातली तर दुपारपर्यंत तिला भोवळ येणार नाही. पकवान एकच घ्या, ते तळलेले असते. डाळ मात्र पुन्हा मागा. वर थोडे लिंबू पिळा. डाळीतले लोह अंगी लागायला लिंबाची मदत होते. आणि त्यावर लगेच चहा घेऊ नका, चहाने ते लोह अंगी लागत नाही. चहा तासाभराने घ्या. एवढी एक सवय आपल्या बायांनी बदलली तरी मला हा लेख लिहिल्याचे समाधान मिळेल.

दुपारी गेलात तर सिंधी कढी-भात. नाव कढी असले तरी तिच्यात ताक नसते. बेसन तेलात खमंग भाजायचे, पाणी घालून उकळायचे, चिंचेने आंबट करायचे आणि त्यात भाज्या सोडायच्या. कोणत्या भाज्या? गवार, शेवग्याच्या शेंगा, भेंडी, बटाटा. ताट पुढ्यात आले की मी आधी भाज्या मोजतो. माझ्या धंद्याची खोड म्हणा. शेंग आपल्याकडची, गवार आपल्याकडची. भेंडी तर शहापूर-मुरबाडकडे भातानंतर करणारे आता पुष्कळ झाले आहेत. या कढीला कोवळी, बारीक, अख्खी राहणारी भेंडी लागते. जून झालेली भेंडी गिऱ्हाईक बोटाने टोक मोडून पाहते आणि परत टाकते. मग आपण म्हणतो, "हे लोक फार खवचट." खवचट नाहीत हो, त्यांच्या कढीत जून भेंडी दोरासारखी लागते!

आणि साई भाजी. तिच्याविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण तिच्यात तुमचा पैसा आहे. साई म्हणजे हिरवी. पालक, आंबट चुका, शेपू, हाताशी असेल तर मेथी, थोडी हरभऱ्याची डाळ, एखादे वांगे, बटाटा, टोमॅटो असे सगळे एकाच भांड्यात शिजवतात, रवीने घोटतात आणि वरून लसणाची फोडणी देतात. कांदा तपकिरी परतून केलेल्या भाताबरोबर ती खातात. एका पातेल्यात डाळ, पाला, भाजी सगळे आले. चव आपल्या डाळ-पालकाच्या जवळची, पण चुक्यामुळे आंबटसर. ज्यांना मूतखड्याचा त्रास आहे त्यांनी मात्र पालक आणि चुका बेताने खावा.

ही भाजी उल्हासनगरच्या कितीतरी घरांत वरचेवर होते. तिला चुका लागतोच, चुक्याशिवाय ती साई भाजी नाही. आणि आपल्या बायांच्या पाटीत काय असते? मेथी, कोथिंबीर, लाल माठ. एकाच ओळीत बसलेल्या सात जणींकडे सात पाट्या मेथी! गिऱ्हाईक एक, भाव कोण पाडते ते तुम्हीच पाहा. वासिंदकडच्या एका बाईंना मी चार-पाच वर्षे शहाडला पाहतो. त्यांनी हे आपल्या डोक्याने ओळखले, मी सांगितलेले नाही. त्या पालकाची जुडी वेगळी आणि चुक्याची वेगळी विकत नाहीत. थोडा पालक, थोडा चुका, चार काड्या शेपू असा एकत्र वाटा बांधतात आणि ओरडतात, "साई भाजी, साई भाजी!" सिंधी बाया वाट वाकडी करून त्यांच्याकडे येतात. पाटी शेजारणीच्या आधी रिकामी होते आणि लवकरची गाडी मिळते. मी त्यांना विचारले, हे सुचले कसे? म्हणाल्या, "एका भाभीकडे भाजी द्यायला वर गेले होते. तिने जेवायला वाढले. खाल्ले, तेव्हा कळले काय काय घालते ते."

तेव्हा चुका लावा. थंडीत तो चांगला येतो. भाताचे खाचर मोकळे झाल्यावर विहिरीच्या किंवा ओढ्याच्या कडेला दोन-चार वाफे पुरे. बी बारीक असते, माती भुसभुशीत करून आणि चांगले कुजलेले शेणखत मिसळून ओळीत पेरा. फेकून पेरलेत तर खुरपणी अवघड जाते. सगळे वाफे एका दिवशी पेरू नका. आठ-आठ दिवसांच्या अंतराने पेरा, म्हणजे दर आठवड्याला कोवळा पाला हाताशी राहील. साधारण महिना-सव्वा महिन्याने पहिली कापणी येते. बुडापासून उपटू नका, जमिनीच्या थोडे वर विळ्याने कापा, म्हणजे पुन्हा फूट येते. कापणीनंतर हलका हात ठेवून नत्र द्या आणि पाणी द्या. पाल्यावर औषध मारायची वेळ आलीच तर डब्यावर काढणीआधीचे जेवढे दिवस छापलेले असतात तेवढे थांबा. पालेभाजी सोलून खात नाहीत, फवारलेले सरळ पोटात जाते.

पाण्याचेही येथेच सांगतो. उल्हासनगरातून वाहणाऱ्या वालधुनी नदीचा कारखान्यांच्या आणि गटाराच्या पाण्याने नाला झाला आहे, हे तिथल्या गिऱ्हाइकाला पुरते ठाऊक आहे. त्यामुळे पालेभाजी घेताना आजकाल बाया विचारतात, "मावशी, कुठली भाजी? गटाराच्या पाण्यावरची नाही ना?" तुमची भाजी विहिरीच्या पाण्यावरची असेल तर गावाचे नाव घेऊन ठणकावून सांगा. ती तुमच्या मालाची मोठी जमेची बाजू आहे. मात्र जुड्या ताज्या दिसाव्यात म्हणून स्टेशनाजवळच्या कुठल्याही डबक्यातले पाणी त्यांच्यावर मारू नका. पाणी घरून आणा नाहीतर नळाचे घ्या.

उल्हासनगरात आणखी एक नवल खायला मिळते. कमळाचा कंद, त्याला सिंधी लोक 'भी' म्हणतात. कापला की आत भोकांची नक्षी. बटाट्याबरोबर रस्सा करतात, चवीला कुरकुरीत आणि जरा मातकट. मला आवडला, माझ्या सोबत्याने ताटात टाकला. कोणी विचारील, आम्ही लावू का? तळ्यात आणि गाळात होणारे हे पीक. आपल्याकडे त्याची वहिवाट नाही, तेव्हा नुसते खाऊन पाहा. होळीच्या सुमारास गेलात तर घीयर पोरांसाठी जरूर आणा. जिलबीचीच थोरली बहीण, ताटलीएवढी असते. पापड तर बारा महिने. या लोकांकडे घरी पाहुणा आला की आधी पाण्याबरोबर पापड पुढे करतात.

शहाडला कारखान्याजवळ विठ्ठलाचे मंदिर आहे, लोक त्याला बिर्ला मंदिर म्हणतात. आषाढीला तिथे मोठी गर्दी असते. त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी गल्लोगल्ली मिळेल, पण नुसत्या साबुदाण्यावर दिवस काढू नका. शेंगदाणे, केळे, उकडलेले रताळे घ्या. रताळ्याचे वेल असणाऱ्यांनी एकादशीच्या आदल्या दिवशी माल तिथे पोचेल असे पाहावे. दुसऱ्या दिवशी रताळ्याला कोणी विचारत नाही.

पावसाळ्यातली एक गोष्ट. जूनच्या सुरुवातीला आपल्या बाया शेवळे आणतात, मग टाकळा, कुर्डू, भारंगी. शहरातले लोक या रानभाज्यांसाठी तोंडाला येईल तो भाव देतात, पण शेवळ्याची खाज घालवायला काकडे लागतात हे नव्या गिऱ्हाइकाला माहीत नसते. शेवळ्याच्या जुडीबरोबर चार काकडे द्या आणि कसे करायचे ते सांगा. एकदा घसा खाजला की ते गिऱ्हाईक पुन्हा येत नाही. आणि तुम्ही स्वतः पावसाळ्यात बाहेर खाताना कच्ची पातळ चटणी, आधी चिरून ठेवलेला कांदा आणि बर्फाचा रस हे तीन टाळा. दाल पकवानसुद्धा या दिवसांत चटणीशिवाय मागावे. काविळीला आणि जुलाबाला हीच वाट सोपी असते. पिण्याचे पाणी घरून न्या.

कधी ठाण्याला जिल्हा कचेरीत कामासाठी जावे लागते. तहसील कचेरीपाशी मामलेदार मिसळ आहे, तिचे नाव तुम्ही ऐकले असेल. कचेरीत आलेल्या गावकऱ्यांनी आणि कारकुनांनीच ती नावारूपाला आणली, असे मला नेहमी वाटते. तिखट फार. उपाशीपोटी तर्री मागून पराक्रम दाखवू नका, आधी कमी तिखट मागा. नौपाड्यात गजानन वडापावची बेसनाची पिवळी चटणी प्रसिद्ध आहे, तिच्यासाठी वडा खावा असे म्हणणारेही आहेत. कचेरीतल्या कामाला किती वेळ लागेल याचा नेम नसतो, म्हणून आत शिरण्याआधी खाऊन घ्यावे.

आता टेम्पोवाल्या दादांचे. मुरबाड रस्त्याला ढाबे पुष्कळ झाले. लाल रस्सा, वर तेलाचा तवंग, तंदुरी रोटी आणि भाजीचे नाव काहीही असले तरी चव एकच. चांगले ढाबे नाहीत असे नाही, पण घाट चढायचा आहे हे विसरू नका. रात्रभर जागरण, माल विकल्याची मोकळीक, पोटभर जड जेवण आणि पुढे माळशेज. डोळा लागायला आणखी काय हवे? पावसाळ्यात तर घाटात धुके असते आणि दरडीही येतात. बाजारातच भाकरी-उसळ अर्ध्या पोटाने खा, तासभर टेम्पोतच पाठ टेका, मग निघा. पट्टीच्या पैशांतून 'थोडी' घेऊन स्टिअरिंग धरणाऱ्यांशी मला बोलायचे नाही, त्यांच्या घरच्यांनी बोलावे.

शेवटी पत्र लिहिणाऱ्या भगिनीला घरी करता येईल असे एक सांगतो. सिंधी लोक प्रवासाला निघताना कोकी नेतात. गव्हाचे जाडसर पीठ दोन वाट्या घ्यावे. मी घरी त्यात मूठभर नाचणीचे पीठ घालायला सांगतो, ती माझी भर. त्यात एक बारीक चिरलेला कांदा, दोन हिरव्या मिरच्या, कोथिंबीर, जिरे, मीठ आणि दोन-तीन चमचे तेल चोळून घट्ट पीठ मळावे. मळून ठेवू नये, कांद्याला पाणी सुटते. मोठा गोळा घेऊन जाड थापावा, तव्यावर दोन्ही बाजूंनी नुसता कच्चट शेकून उतरवावा. तो गरम असतानाच पुन्हा दाबून लाटावा, कडा चिरल्या तरी चालते. सुरीने वर चार-पाच रेघा ओढाव्यात आणि मंद आचेवर थोडे तूप सोडून तांबूस डाग पडेपर्यंत भाजावा. एक कोकी दोन भाकऱ्यांच्या तोडीची होते. रात्री करून फडक्यात बांधून ठेवली तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चांगली राहते. कांदा न घालता केली तर आणखी टिकते. पहाटेच्या गाडीत ओझे खाली ठेवले की आंबा-लोणच्याच्या फोडीबरोबर अर्धी तिथेच खावी आणि उरलेली अर्धी दहा वाजता, जुड्यांवर पाणी मारून झाल्यावर.